रात्रीची दुसरी कॅप्सूल

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

वय ४४, सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत शिक्षिका. अडीच वर्षं डायलिसिस केल्यावर सात वर्षांपूर्वी आईने किडनी दिली. तेव्हा वजन ५४ किलो होतं, आज ८८ आहे. उंची १५५ सेंटिमीटर. ट्रान्सप्लांटनंतर दोन वर्षांनी मधुमेह सुरू झाला. इन्सुलिन घेऊनही एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ९ च्या खाली येत नाही. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढला की काम घटलं) १.३ वर टिकून आहे. नेफ्रॉलॉजिस्टच्या सांगण्यावरून वजनाच्या ऑपरेशनसाठी सर्जनला दाखवलं, त्यांनी 'स्लीव्ह' (जठर लहान करण्याचं ऑपरेशन) सुचवली. परदेशातल्या मावसभावाने बातमी पाठवली की या ऑपरेशनमुळे कॅन्सरचा धोका कमी होतो. एक मावशी गर्भपिशवीच्या कॅन्सरने गेली आहे. ट्रान्सप्लांटच्या गोळ्यांमुळे कॅन्सर होतो, हेही वाचलं आहे. "ऑपरेशन नाही केलं तर कॅन्सर, केलं तर आईची किडनी जाईल, अशा कात्रीत सापडले आहे." नवरा म्हणतो, तू ठरवशील ते. सासूबाई म्हणतात, पुन्हा पोटावर सुरी कशाला, जरा तोंडावर ताबा ठेव. नणंदेने चरबी कमी करण्याचं चूर्ण आणून दिलंय, डबा अजून फोडलेला नाही. आई काहीच बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं.

ता. क. "कॅन्सरच्या भीतीने गेले तीन आठवडे टॅक्रोच्या (टॅक्रोलिमस, नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) रात्रीच्या दोन कॅप्सूलपैकी एकच घेते. काही त्रास नाही, म्हणून कुणाला बोलले नाही."

प्रिय ताई,

चार पानी पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ता. क. करून लिहिलीत. म्हणून उत्तर छापून यायची वाट न बघता पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला मेल केला: आज रात्री लिहून दिलेला डोस पूर्ण घ्या, राहिलेल्या कॅप्सूलची भरपाई म्हणून जास्त घेऊ नका, आणि उद्या सकाळची कॅप्सूल न घेता लॅबमध्ये जाऊन टॅक्रो लेव्हल (औषधाचं रक्तातलं प्रमाण) आणि क्रिएटिनिनचं रक्त द्या, कॅप्सूल त्यानंतर घ्या. डॉक्टरांना फोन करून जे केलं ते जसंच्या तसं सांगा. तुम्ही सांगितलंत, हे बरं झालं. लेव्हल बरीच उतरली होती आणि क्रिएटिनिन १.४ झालं होतं, पण वेळेत कळलं. डॉक्टर रागावतील असं वाटत होतं, ते रागावले नाहीत, असंही तुम्ही कळवलंत. रागावणार कशाला? मी वीस वर्षं ट्रान्सप्लांट समन्वयकाचं काम केलं. गोळ्या चुकवणारा पेशंट आम्हाला नवा नव्हता. चुकवून लपवणारा पेशंट मात्र धडकी भरवायचा.

तुमच्यासारखा 'गुपचूप अर्धा डोस' घेणारे आणखी काही जण हे वाचत असतील, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारणं, सुरू होतं तेव्हा बहुतेक वेळा काहीच दुखत नाही. ताप नाही, सूज नाही, लघवीही होत असते. आधी हलतं ते क्रिएटिनिन, आणि ते आरशात दिसत नाही. मग रिजेक्शन आटोक्यात आणायला शिरेतून स्टिरॉइडचे मोठे डोस द्यावे लागतात, कधी एटीजीसारखी फार जोरकस औषधं. म्हणजे प्रतिकारशक्ती होती त्याहून खाली दाबावी लागते. कॅन्सरच्या भीतीने वाचवलेली एक कॅप्सूल अशी उलटून कॅन्सरचाच धोका वाढवू शकते. डोस कमी करता येतो का, एखादं औषध बदलता येतं का, हे प्रश्न अगदी योग्य आहेत. काही पेशंटना सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस या त्याच कामाच्या दुसऱ्या औषधांवर आणतातही. पण ते डॉक्टरांनी लेव्हल बघत करायचं काम आहे.

आता कात्रीबद्दल.

तुमच्या पत्रात 'कॅन्सर' हा एकच शब्द आहे, पण त्यात दोन वेगळ्या वह्यांचा हिशेब मिसळला आहे. पहिली वही ट्रान्सप्लांटच्या गोळ्यांची. अवयव घेतलेल्या माणसांत गाठी जास्त दिसतात, हे १९६८ मध्ये इस्रायल पेन या सर्जनने डेन्व्हरला त्यांची नोंदवही सुरू केली तेव्हापासून लक्षात येऊ लागलं. पुढे २०११ मध्ये अमेरिकेतल्या पावणेदोन लाखांहून जास्त अवयव-प्रत्यारोपण झालेल्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यांच्यात एकूण कॅन्सरचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या साधारण दुप्पट निघालं. मात्र ते सगळीकडे सारखं वाढत नाही. वाढतात ते मुख्यतः विषाणूंच्या पाठीवर बसून येणारे: ईबीव्हीमुळे होणारा लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर), एचपीव्हीमुळे होणारा गर्भाशयमुखाचा, हिपॅटायटिसमुळे होणारा यकृताचा. पहारेकरी गुंगीत असला की जुना चोर घरात शिरतो, तसं. गोऱ्या कातडीच्या देशांत त्वचेचे कॅन्सर फार. आपल्याकडे ते तितके नाहीत, पण तोंडाचा आहेच, आणि मिश्री-तंबाखूची सवय असेल तर गोळ्या त्याला आणखी वाट करून देतात.

दुसरी वही चरबीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जास्तीच्या चरबीशी नातं असलेले १३ कॅन्सर नोंदवले. त्यात गर्भाशयाच्या अस्तराचा, पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा, मोठ्या आतड्याचा, स्वादुपिंडाचा, पित्ताशयाचा, किडनीचा हे येतात. तुमच्या मावसभावाने पाठवलेली बातमी या वहीतली आहे. बहुधा ती क्लीव्हलँड क्लिनिकच्या २०२२ च्या अभ्यासाची असावी. ऑपरेशन केलेल्या पाच हजार आणि न केलेल्या पंचवीस हजार स्थूल माणसांची त्यात तुलना होती. दहा वर्षांत चरबीशी संबंधित कॅन्सर न केलेल्यांत ४.९ टक्के जणांना झाला, केलेल्यांत २.९ टक्के जणांना. शंभरात साधारण पाच आणि शंभरात तीन. फरक खरा आहे, चांगला आहे. पण 'नाही केलं तर कॅन्सर' असं तो म्हणत नाही: न केलेल्या शंभरातल्या पंच्याण्णव जणांना दहा वर्षांत असा कॅन्सर झालेला नव्हता. त्याआधी २००९ मध्ये स्वीडनच्या मोठ्या अभ्यासात हा फायदा बायकांत दिसला, पुरुषांत दिसला नाही. आणि हे दोन्ही अभ्यास किडनी ट्रान्सप्लांट झालेल्यांचे नव्हते. तुमच्यासारख्यांवर झालेलं काम छोट्या गटांचं आणि जुनी कागदपत्रं चाळून केलेलं आहे. त्यातून 'वजन उतरलं, नवी किडनी टिकली' इथपर्यंत बोलता येतं. 'कॅन्सर टळला' असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पहिल्या वहीतले लिम्फोमा, गर्भाशयमुख, तोंड हे तर पोट लहान केल्याने हलणारच नाहीत.

म्हणून मावशीबद्दल आधी विचारून घ्या. आपल्याकडे 'गर्भपिशवीचा कॅन्सर' या एका नावाखाली दोन आजार जातात. पिशवीच्या तोंडाचा असेल तर तो एचपीव्हीचा. त्याचा वजनाशी संबंध नसल्यासारखाच, पण तुमच्या गोळ्यांशी आहे. त्यासाठी पॅप तपासणी (पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन बघणं), आणि ट्रान्सप्लांट झालेल्यांना ती इतर बायकांपेक्षा जास्त वेळा करायला सांगतात. पिशवीच्या अस्तराचा असेल तर त्याचं वजनाशी नातं सगळ्यांत घट्ट आहे. त्याला नेमाने करायची अशी चाचणी नाही. तिथे पाळी बोलते. दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जाणं, अचानक फार अंगावर जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसणं, यातलं काहीही झालं तर 'वयामुळे असेल' म्हणून थांबायचं नाही. मावशीची जुनी फाइल कुणाकडे असेल तर बायोप्सीच्या कागदावर एका ओळीत उत्तर सापडेल.

हे सगळं वाचून 'म्हणजे ऑपरेशन नको' असं तुम्हाला वाटेल. मी तसं म्हणत नाही. मला खटकतं ते त्यामागचं कारण. कॅन्सरच्या भीतीने करू नका, आणि आईच्या उपकाराच्या ओझ्याखाली नाकारूही नका. तुमच्याकडे त्याहून धडधडीत कारण आहे: तुमची साखर. इन्सुलिन घेऊनही एचबीएवनसी ९ असेल, तर आईच्या किडनीला रोज घासणारी गोष्ट तीच आहे. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३६.६ येतो. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये ३५ च्या पुढे ऑपरेशन सुचवावं असं म्हटलंय आणि आशियाई लोकांसाठी ती रेषा २७.५ वर आणली आहे. म्हणजे सर्जन काही तुमच्या गळ्यात पडत नाहीयेत.

"आईची किडनी जाईल" ही भीती मात्र थोडी उलगडून बघू. तुमच्या मनात चित्र असं असावं की सुरी किडनीच्या अंगाखांद्यावरून जाणार. ती किडनी कुठे बसवली आहे, त्यावर हात ठेवा. ओटीपोटात, मांडीच्या सांध्याच्या वर, जिथे तुमचा व्रण आहे तिथे. स्लीव्हचं काम वर जठरात, दुर्बिणीतून. जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग काढून केळ्याएवढी नळी ठेवतात. किडनीला धोका सुरीचा फारसा नाही. धोका आहे तो नंतरच्या महिन्याभरातला, आणि तो पाण्याचा आहे.

त्या दिवसांत पोटात एका वेळी अर्धी वाटीसुद्धा मावत नाही. घोट-घोट पाणी, ताक, प्रोटीनचं पेय, दिवसभर. दोन दिवस मळमळ झाली, उलट्या झाल्या, की शरीर कोरडं पडतं आणि एकट्या किडनीचं क्रिएटिनिन चढतं. गावात असताना उलटी थांबली नाही तर सलाइन कुठे लागेल, हे ऑपरेशनच्या आधी ठरलेलं हवं. दुसरी गोष्ट, टॅक्रो आणि मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं जोडीचं औषध) यांचं शोषण बदलतं, म्हणून सुरुवातीला लेव्हल वारंवार करायला लागते. गोळी मोठी वाटते म्हणून कुटून घ्यायची नाही. हळूहळू विरघळणारी टॅक्रो आणि जठरात न विरघळणाऱ्या आवरणाचं मायकोफेनोलिक कुटलं तर त्याचा अर्थच जातो. तिसरी, स्टिरॉइडवर असलेल्यांची जखम सावकाश भरते. सिरोलिमसवर असाल तर ते आधी बदलावं लागतं. चौथी, आधीच ॲसिडिटीने घसा जळत असेल तर स्लीव्हने ती वाढू शकते, ते सर्जनपासून लपवू नका.

कुणी 'मिनी बायपास करा, वजन जास्त उतरतं' असं सुचवलं, तर जरा थांबा. आपल्याकडे तो बराच चालतो. पण बायपासच्या प्रकारांत आतड्याचा एक भाग वळसा घालून सोडलेला असतो. चरबी नीट पचत नाही, ऑक्झलेट (अन्नातला खडे बनवणारा क्षार) जास्त शोषलं जातं, आणि ते किडनीत खड्याच्या रूपाने किंवा पेशींत साचून बसतं. गोळ्यांची लेव्हलही जास्त डळमळते. बसवलेली किडनी असताना स्लीव्हकडे कल असतो तो यासाठी. तुमच्या सर्जनने स्लीव्ह म्हटलं, यावरून त्यांनी विचार केलेला दिसतो.

मी तुमच्या जागी असते तर एक हट्ट धरला असता: ऑपरेशन जिथे होणार तिथेच, त्याच छताखाली, ट्रान्सप्लांट सांभाळणारा नेफ्रॉलॉजिस्ट हवा, आणि त्याचं आणि सर्जनचं बोलणं माझ्यासमोर झालेलं हवं. "मी त्यांच्याशी बोलून घेतो" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय.

आठवड्याच्या इंजेक्शनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड आता आपल्याकडे मिळतात. वजन आणि साखर दोन्ही उतरवतात. ट्रान्सप्लांट झालेल्यांतला अनुभव छोट्या गटांचा असला तरी उत्साह वाढवणारा आहे. मळमळ आणि पाणी कमी पडणं इथेही तेच. घराण्यात थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर असेल तर ही इंजेक्शनं घेत नाहीत. ती बंद केली की वजन बऱ्याचदा परत येतं, म्हणून खर्च वर्षानुवर्षांचा धरायचा. तरीही, सर्जनकडे जायच्या आधी सहा महिने हे करून बघू का, हा प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवायला काहीच हरकत नाही. पोट कापलं की परत जोडता येत नाही, इंजेक्शन थांबवता येतं. ऑपरेशनच ठरलं, तर विम्याचे कागद आधी काढा. बीएमआय ३५ च्या वर आणि मधुमेह औषधांनी आटोक्यात नाही, ही अट विमा नियामकाच्या नियमात बसू शकते, पण पॉलिसीत थांबण्याचा काळ किती आहे ते बघावं लागतं.

सासूबाईंचं "तोंडावर ताबा ठेव".

ताई, अडीच वर्षं तुम्ही जो ताबा ठेवलात तो त्यांनी पाहिलेला आहे. बटाटा रात्रभर पाण्यात, मग उकळून पाणी फेकायचं, मग फोडणी. शहाळं नाही, केळं नाही, टोमॅटो नाही. दिवसाचं पाणी एका बाटलीत मोजून, उन्हाळ्यात बर्फाचा खडा चोखून तहान मारायची. मग एक दिवस किडनी बसते, लघवीची पिशवी भरलेली बघून घरचे पेढे वाटतात, आणि डॉक्टर म्हणतात, आता सगळं खा. आमच्या वॉर्डात एका बाईने ट्रान्सप्लांटनंतरचा पहिला हापूस सालीसकट चोखला होता. कोयही सोडली नाही. त्यात स्टिरॉइड भूक चेतवतं, रात्री दोनला उठून डबे उघडायला लावतं. टॅक्रो आणि स्टिरॉइड मिळून साखर चढवतात. तुमच्या चौतीस किलोंत जिभेचा वाटा असेलही. पण औषधांचा किती आणि अडीच वर्षांनी मिळालेल्या मोकळिकीचा किती, हे कुणी मोजलंय? सध्या प्रेडनिसोलोन (तेच स्टिरॉइड) किती मिलिग्रॅमवर आहात ते पत्रात नाही. डॉक्टरांना विचारा, ते आणखी खाली येऊ शकतं का. बऱ्याच जणांत तो आकडा वर्षानुवर्षं कुणी हलवलेलाच नसतो.

नणंदेचं चूर्ण उघडू नका. डब्यात काय आहे ते डब्यालाही माहीत नसतं. ब्रसेल्सच्या एका वजन उतरवण्याच्या केंद्रात १९९० च्या सुमारास बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या देत. एका वनस्पतीच्या जागी चुकून ॲरिस्टोलोकिया पडली. सुमारे शंभर बायकांच्या किडन्या खराब झाल्या, कित्येक डायलिसिसवर गेल्या, काहींना ट्रान्सप्लांट करावं लागलं. पुढे त्यांच्यातल्या ३९ जणींच्या जुन्या किडन्या आणि मूत्रवाहिन्या खबरदारी म्हणून काढल्या, तर १८ जणींत कॅन्सर सापडला. वजन, किडनी, ट्रान्सप्लांट आणि कॅन्सर, तुमच्या पत्रातले चारही शब्द त्या एका गोळीत होते. नणंदेने प्रेमाने दिलंय, मान्य. डबा कपाटात राहू दे, तिला सांगा डॉक्टरांनी नको म्हटलंय. पपनसही नको, टॅक्रोची लेव्हल चढते.

जुन्या किडन्यांवरून आठवलं. बहुतेकांप्रमाणे तुमच्याही त्या काढलेल्या नसतील; पाठीशी आहेत तिथेच सुकून बसलेल्या असतील. डायलिसिसच्या काळात त्यांच्यात पाण्याच्या गाठी होतात, आणि ट्रान्सप्लांट झालेल्यांत किडनीचा कॅन्सर वाढतो तो मुख्यतः तिथे. सोनोग्राफी करताना टेक्निशियन बसवलेली किडनी बघून "झालं" म्हणतात. त्यांना सांगा, मागच्या दोन्हीही बघा आणि रिपोर्टमध्ये लिहा. कॅन्सरशी लढायचं तर अशा ठिकाणी लढावं लागतं: ही सोनोग्राफी, पॅप, वयानुसार मॅमोग्राफी, दर सहा महिन्यांनी आरशापुढे टॉर्च धरून गाल, जीभ, जिभेखालची जागा बघणं. भरत नसलेला चट्टा, काखेत किंवा मानेत वाढणारी गाठ, कारणाशिवाय ताप, हे दिसलं की थांबायचं नाही. ऑपरेशननंतर वजन उतरेल तेव्हा एक लक्षात ठेवा: अपेक्षेपेक्षा फार भरभर उतरलं आणि भूकच मेली, तर ते ऑपरेशनच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नका, दाखवा.

तुमच्याहून लहान वाचकांसाठी एक ओळ: वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. मायकोफेनोलेट पोटातल्या बाळाला घातक आहे, तेव्हा मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष आधी डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घ्या.

आता आई. ती काही बोलत नाही आणि तेच लागतं, असं लिहिलंय तुम्ही. तुम्ही त्या गप्पपणाचा अर्थ 'मी दिलेलं तू वाया घालवतेस' असा लावलाय. मी किडनी देणाऱ्या आया पुष्कळ पाहिल्या. टाके निघायच्या आधी व्हीलचेअरवरून मुलीच्या काचेपाशी येऊन त्या एकच विचारायच्या, "लघवी किती झाली?" हिशेब मागणारी मला तरी आठवत नाही. तिला विचारून बघा. ऑपरेशनच्या दिवशी माझ्याजवळ बसशील का, एवढंच विचारा, बाकी ती बोलेल.

आणि तुमच्या चार पानांत तुमचं क्रिएटिनिन सहा वेळा आलंय. तिचं एकदाही नाही. देणाऱ्याला राहिलेल्या एका किडनीचं क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि रक्तदाब वर्षातून एकदा बघावा लागतो. पुढच्या वेळी लॅबमध्ये जाल तेव्हा तिलाही बरोबर घेऊन जा.